काळं मांजर, कोरलेला भोपळा आणि झिजलेली चौकट: हॅलोविनचं लोकचित्र रंगवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर सरत आला की अमेरिकेतल्या मराठी मैत्रिणींची विचारणा सुरू होते: हॅलोविनसाठी, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणासाठी, दाराशी लावायला लाकडावर काहीतरी रंगवायचंय, थोडं भुताटकीचं आणि जुनं वाटेल असं. खालचे बरेचसे प्रश्न त्यांचेच आहेत, काही पुण्या-मुंबईहून आलेले. सगळी उत्तरं एकाच चित्राला धरून दिली आहेत. साधारण दहा बाय आठ इंचांची फळी, तिच्यावर भोपळ्याशेजारी बसलेलं काळं मांजर, मागे चंद्र आणि भोवती रंग उडालेली चौकट.

याला लोकचित्र का म्हणायचं? साधं हॅलोविनचं चित्र का नाही?

कारण ते रंगवण्याची रीत अमेरिकेतल्या जुन्या लोकचित्रकारांची आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंड, पेनसिल्व्हेनिया या भागांत गावोगाव फिरणारे रंगारी होते. खाणावळींच्या पाट्या, घोडागाड्या, पेट्या, घराच्या भिंती असं पडेल ते काम ते करत. एडवर्ड हिक्स मुळात गाड्या आणि पाट्या रंगवणारा. सिंह आणि कोकरू शेजारी शेजारी उभे असलेलं त्याचं शांततेचं चित्र त्याने आयुष्यभरात पुन्हा पुन्हा रंगवलं, त्याच्या साठच्या आसपास आवृत्त्या आहेत. रुफस पोर्टर घरांच्या भिंतींवर थेट निसर्गदृश्यं काढत फिरायचा. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांकडे लग्नाच्या पेट्यांवर पक्षी, फुलं आणि ताऱ्यांची नक्षी असे.

या सगळ्यांत काही गोष्टी समान आहेत. रंग सपाट असतात, सावल्या जवळजवळ नसतात. आकाराची कड स्वच्छ असते. जे महत्त्वाचं ते मोठं, मग मांजर घरापेक्षा मोठं झालं तरी चालतं. एकाच पाटीवर अंग बाजूने आणि चेहरा समोरून दिसतो. हातात कला आहे पण चित्रशाळेत पाऊल ठेवलेलं नाही, अशा माणसाची ही भाषा आहे. आपण तीच बोलायची. न्यूयॉर्कमध्ये १९६१ साली स्थापन झालेलं अमेरिकन फोक आर्ट म्युझियम जमेल तेव्हा जरूर पाहा. तासभर तिथल्या पाट्यांसमोर उभं राहिलं की पुढची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

मग त्या जुन्या चित्रकारांनी हॅलोविनची चित्रं काढली होती का?

आज आपण काढतो तशी नाहीत. हॅलोविन अमेरिकेत रुजला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आलेल्या आयरिश आणि स्कॉटिश लोकांबरोबर. त्यांच्याकडे सलगम कोरून दिवा करत. अमेरिकेत भोपळा मुबलक, शिवाय मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा आला. घर सजवण्याचा रिवाज त्याच्याही नंतरचा. १९०० नंतरच्या दशकात हॅलोविनची पोस्टकार्डं प्रचंड खपली. एलन क्लॅपसॅडल या चित्रकर्तीची कार्डं आजही संग्राहक शोधत असतात. डेनिसन कंपनीने १९०९ मध्ये सजावटीच्या कल्पनांची ‘बोगी बुक’ ही पुस्तिका काढली. जर्मनीहून कागदाच्या लगद्याचे कंदील यायचे, आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या बीसल कंपनीची पुठ्ठ्याची मांजरं आणि सांगाडे घरोघर लागले.

म्हणजे आज ज्याला हॅलोविनचं लोकचित्र म्हणतात ते दोन परंपरांचं लग्न आहे: पाटी रंगवणाऱ्याचा हात आणि पोस्टकार्डावरची पात्रं. हे माहीत असलं की नमुना निवडताना गोंधळ होत नाही. प्लास्टिकच्या हिरव्या राक्षसांकडे बघू नका, त्या कार्डांवरची मांजरं, घुबडं, चंद्रकोरी आणि कणसाच्या पेंढ्या बघा.

फळी कुठली घ्यावी?

पाइन उत्तम. गाठी असतील तर त्यांवर आधी शेलॅकचा (लाखेच्या वॉर्निशचा) हात द्या, नाहीतर काही महिन्यांनी राळ वर येऊन पिवळे डाग पडतात. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) चालतो, गुळगुळीत आणि स्वस्त असतो, पण त्याच्या कडा पाणी पितात, म्हणून कडांना अस्तराचे दोन हात हवेत. एमडीएफ घासताना तोंडाला मास्क लावा, त्याची धूळ फार बारीक असते. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. एवढी तयारी पुरे. फळी आरशासारखी करण्यात अर्थ नाही, ती शेवटी जुनीच दिसायची आहे.

रंग कोणते लागतील?

पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग. अमेरिकेत डेकोआर्ट, फोकआर्ट यांच्या दोन औंसांच्या बाटल्या कुठल्याही हस्तकलेच्या दुकानात मिळतात. लॅम्प ब्लॅक (काळा), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), रॉ अंबर (मळकट तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), विटकरी लाल, नारिंगी, मोतिया पांढरा आणि थोडासा गडद निळा. एवढ्यात चित्र होतं.

बाटलीतला नारिंगी जसाच्या तसा लावू नका. तो प्लास्टिकच्या बादलीसारखा झगझगतो आणि मग चौकटीवर कितीही मेहनत घेतली तरी चित्र कालचंच दिसतं. नारिंगीत किंचित निळा घाला, अगदी ब्रशच्या टोकावर येईल एवढा, म्हणजे त्याचा तोरा उतरतो. मग थोडा बर्न्ट अंबर. भोपळा पिकून चार दिवस ओसरीवर पडलेला दिसला पाहिजे.

मांजर काळं, रात्रही काळी. मग मांजर दिसणार कसं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण चित्र इथेच जमतं किंवा फसतं. रात्र काळी रंगवायची नाही. यलो ऑकरमध्ये रॉ अंबर आणि कणभर काळा घालून मळकट मोहरीसारखा रंग करा आणि तो आकाशाला द्या. जुन्या वॉर्निशखाली निळं आकाश असंच पिवळटलेलं असतं, त्यामुळे चित्राला पहिल्या हातातच वय येतं. वरच्या कोपऱ्यांकडे अंबर वाढवत न्या. चंद्र या आकाशापेक्षा थोडासाच उजळ ठेवा, मोतिया पांढऱ्यात ऑकर मिसळून. शुद्ध पांढरा चंद्र सगळी नजर ओढून घेतो आणि मांजर बिचारं मागे पडतं.

मांजराच्या काळ्यात एक चतुर्थांश बर्न्ट अंबर घाला. उबदार काळा होतो. नुसता लॅम्प ब्लॅक फळीला भोक पडल्यासारखा दिसतो. दोन पातळ हात द्या, एक जाड नको. वाळल्यावर करडा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशवर घ्या, कागदावर पुसून टाका, आणि उरलासुरला रंग पाठीच्या कमानीवर आणि शेपटीच्या वरच्या कडेवर अलगद ओढा. केस दिसायची गरज नाही. एक हलकी उजळ कड आली की पुरे, मांजर आकाशापासून सुटं होतं.

मला चित्र काढता येत नाही.

ट्रेसिंग पेपर वापरा, त्यात कमीपणा काहीच नाही. जुने पाटीवालेही साचे वापरत. कागदावर आकार काढा, मागच्या बाजूला खडू चोळा, फळीवर ठेवून वरून गिरवा. गडद पार्श्वभूमीवर पांढरा खडू, फिक्यावर पेन्सिलीचं शिसं. जुन्या पोस्टकार्डावरून आकार घ्यायचा असेल तर अमेरिकेत १९२९ सालापर्यंत प्रकाशित झालेली चित्रं आता सर्वांसाठी खुली आहेत. आज हयात असलेल्या चित्रकाराचा नमुना मात्र त्याच्या परवानगीशिवाय विकायच्या वस्तूवर घेऊ नका.

भुताटकी कशातून येते? कवटी, रक्त, कोळ्यांची जाळी हे सगळं घालू का?

नको. या शैलीतली भीती स्तब्धतेतून येते. चित्रात तीनच गोष्टी ठेवा आणि त्यांतल्या एकीने बघणाऱ्याकडे एकटक बघावं. इथे ते काम मांजराचं.

डोळे असे करा. अंग बाजूने, पण चेहरा पूर्ण समोर. आधी दोन्ही डोळ्यांचे बदामी आकार मोतिया पांढऱ्याने भरा, कारण काळ्यावर पिवळा थेट लावला तर तो मरतो. वाळल्यावर ऑकर. खालच्या अर्ध्यात हिरवटपणाची एक पातळ छटा. मग सर्वांत बारीक ब्रशने, रंग शाईइतका पातळ करून, उभी बाहुली एका दमात वरून खाली ओढा. दोन्ही बाहुल्या एकमेकींना समांतर हव्यात. आणि इथे थांबा. डोळ्यांत चमकेचा पांढरा ठिपका द्यायची सवय सगळ्यांना असते, तो देऊ नका. ठिपका दिला की मांजर जिवंत आणि गोड होतं. ठिपक्याशिवाय ते नुसतं बघत राहतं, खोलीत कुठेही गेलात तरी.

भोपळ्याचं तोंडही हसरं-रागीट असं काही ठरवून करू नका. तीन त्रिकोण आणि वाकडेतिकडे चार दात. आतला उजेड ऑकरने, कडेला विटकरी.

चौकट जुनी कशी करायची? मी पॉलिश पेपरने घासते, पण ती नवीन चौकट घासल्यासारखीच दिसते.

कारण घासणं सगळीकडे सारखं होतं. घासण्याआधी चौकट हातात घेऊन विचार करा: ही ऐंशी वर्षं एखाद्या घरात असती तर कुठे झिजली असती? खाली ठेवताना खालचे दोन कोपरे आपटले असते, ते सर्वांत जास्त. उचलताना बोटं दोन्ही बाजूंच्या मध्यावर लागली असती, तिथे रंग गुळगुळीत होऊन गेलेला असतो. वरच्या पट्टीवर धूळ साठली असती, झीज मात्र जवळजवळ नसती. आतली कड, चित्राला लागून असलेली, तिला कोणी हात लावत नाही, तिचा रंग शाबूत असतो आणि खाचेत मळ असतो. हा हिशेब आधी पेन्सिलीने चौकटीच्या मागे लिहून ठेवला तरी चालेल.

आता क्रम. कोऱ्या पाइनच्या चौकटीला सगळ्यात आधी पाण्यासारखा पातळ बर्न्ट अंबर पाजा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. नवीन पाइन आतून पिवळट पांढरा असतो, रंग घासला की तो उघडा पडतो आणि चौकट कालपरवाची आहे हे सांगून टाकतो. जुनं लाकूड उघडं पडतं तेव्हा तपकिरी दिसतं.

त्यावर विटकरी लाल रंगाचा एक हात. पूर्ण वाळू द्या. मग साध्या पांढऱ्या मेणबत्तीने, जिथे झीज हवी असं ठरवलंय तिथेच, घासून मेण बसवा. कोपऱ्यांवर जास्त, कडांवर तुटक. वर उबदार काळ्याचा हात द्या. वाळल्यावर लांबी भरायच्या पत्र्याच्या पट्टीने मेण लावलेल्या जागा हलक्या खरवडा. काळा रंग पोपड्यासारखा निघून येतो आणि खालचा लाल दिसतो. मेणाने काळा रंग लाल थराला धरू दिलेला नसतो, एवढंच. मग २२० नंबरच्या कागदाने कोपरे लाकडापर्यंत न्या. काळा, लाल, तपकिरी लाकूड, असे तीन थर एका कोपऱ्यात बोटभर जागेत दिसायला लागले की ती चौकट दोनदा रंगवली गेली होती असं वाटतं. घराघरांतल्या जुन्या वस्तूंचं तेच तर होत असतं.

डावी आणि उजवी बाजू सारखी झिजवू नका.

रंगाला तडे कसे पाडतात?

क्रॅकल मीडियम नावाचं द्रावण मिळतं. खालचा रंग वाळला की ते लावायचं, बोटाला चिकट लागेल इतपत वाळू द्यायचं (बाटलीवर वेळ लिहिलेली असते), आणि वर दुसरा रंग एकाच फटकाऱ्यात. एकदा ब्रश फिरवला त्या जागी परत फिरवायचा नाही, नाहीतर सगळं चिखलासारखं गोळा होतं. वरचा रंग वाळताना आक्रसतो, खालचा थर अजून निसरडा असतो, म्हणून रंग फाटतो. काही मिनिटांत डोळ्यांदेखत रेषा उमटायला लागतात. वरचा रंग जाड तर तडे मोठे, पातळ तर बारीक.

ब्रश लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवा: उभ्या पट्ट्यांवर उभा, आडव्यांवर आडवा, कोपऱ्यातल्या जोडावर थांबून. जुन्या लाकडावरचा रंग बहुधा रेषांना धरूनच तडकतो. मेण आणि क्रॅकल एकाच जागी लावू नका. पूर्ण चौकटीलाही तडे नकोत, एखादी बाजू आणि एक कोपरा पुष्कळ झालं.

क्रॅकल मीडियम नसेल तर फेविकॉलचा थर चालतो. तो अर्धवट ओला असताना वर ॲक्रिलिक लावून हेअर ड्रायरने वाळवा. तडे थोडे मोठे आणि लहरी पडतात, मला ते आवडतात.

साखळीने मारून खड्डे पाडावेत का? खिळ्याने किडीची भोकं?

दोन-तीन टोले पुरेत. किडीची भोकं सहसा खोटी दिसतात, ती टाळा.

बाजारातून खरोखरच जुनी रंगवलेली चौकट आणली. ती सरळ घासून घेऊ?

अजिबात नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याआधीची कुठलीही रंगवलेली वस्तू संशयित धरायची. भारतात घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा घालणारा नियम २०१६ चा, म्हणजे अगदी अलीकडचा. चोरबाजारातली किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातली चौकट असेल तर तीच काळजी घ्या. कोरडं घासलं की शिशाची धूळ घरभर होते, आणि लहान मुलांच्या मेंदूला ती थोडीशीही घातक असते. गरोदर बाईने तर या कामापासून लांबच राहावं.

अशी चौकट ओल्या फडक्याने हळुवार पुसा, सुटे पोपडे ओले करून काढा, फडकं टाकून द्या, आणि वर मॅट वॉर्निशचे दोन हात देऊन रंग बंद करा. तसंही, जी खरंच झिजलेली आहे तिला आणखी झिजवायचं कशाला?

शेवटचा काळपट, कळकट हात कसा देतात?

आधी चित्राला आणि चौकटीला वॉर्निशचा एक पातळ हात द्या, नाहीतर काळपटपणा रंगात मुरतो आणि पुसता येत नाही. मग बर्न्ट अंबरमध्ये ग्लेझिंग मीडियम (रंग पारदर्शक करणारं द्रावण) मिसळून छोट्या भागावर लावा आणि सुती फडक्याने लगेच पुसा. खाचांत, तड्यांत, कोपऱ्यांत राहील तेवढं राहू द्या. चित्राच्या मध्यावरून जास्त पुसा, कडांकडे कमी. शेवटी जुन्या टूथब्रशवर पातळ अंबर घेऊन अंगठ्याने दोन-चार शिंतोडे उडवा. मांजराचे डोळे त्या वेळी कागदाने झाका.

वर मॅट वॉर्निश. चकचकीत नको.

भारतात सामान कुठे मिळेल?

कॅमलिन आणि फेविक्रिलचे ॲक्रिलिक रंग सगळीकडे आहेत. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला फळ्या आणि ब्रश मिळतात. चौकटीसाठी मात्र ओळखीच्या सुताराकडे जा आणि रंधा मारलेल्या पाइनच्या किंवा सागाच्या उरलेल्या पट्ट्या मागा. सागाला अंबर पाजायची गरज नाही, तो मुळातच तपकिरी.

दिवाळीच्या तोंडावर घरात असलं भुताखेताचं चित्र? सासूबाईंना पटत नाही.

त्यांचं म्हणणं मनावर घ्या, वाद घालू नका. दोन्ही सण अगदी जवळ येतात, २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. माझं मत असं: हे चित्र दाराबाहेर लावायचं. हॅलोविनच्या मुळाशीही त्या रात्री भटकणाऱ्या आत्म्यांना घरापासून दूर ठेवण्याचीच समजूत आहे. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात वेताळ गावाची राखण करतोच की. भीतीदायक रूप वेशीवर उभं करण्यात परकं असं काही नाही. हे सांगितलं की बऱ्याच घरांत विषय मिटतो. दिवाळीचा कंदील लावायच्या दिवशी चित्र उतरवून ठेवा.

घुबड काढायचं असेल तर मात्र घरात विचारून घ्या. महाराष्ट्रात बरेच जण ते अशुभ मानतात, बंगाली शेजाऱ्यांकडे तेच लक्ष्मीचं वाहन. मांजर आणि भोपळा सगळीकडे चालतो.

मुलांना सोबत घेता येईल का?

भोपळा आणि मेणबत्ती घासणं त्यांच्याकडे द्या. पट्टीने खरवडणं तुम्ही करा.

बाहेर टांगलं तर टिकेल?

छपराखाली, पाऊस थेट लागणार नाही अशा जागी, महिनाभर आरामात. मागची बाजू आणि कडाही वॉर्निश करा, ओल तिथूनच शिरते. एमडीएफ असेल तर बाहेर लावूच नका, तो फुगतो आणि फुगला की परत बसत नाही. टांगायला मागे दातेरी पट्टीपेक्षा दोन कड्या आणि तार बरी, वाऱ्याने पाटी हलून निसटत नाही.

पुढच्या वर्षापर्यंत ठेवायचं कसं?

बबल रॅपमध्ये गुंडाळू नका. ॲक्रिलिक उन्हाळ्यात मऊ पडतं, प्लास्टिकला चिकटतं, आणि सोडवताना बुडबुड्यांचे गोल ठसे चित्रावर राहतात. जुनी सुती साडी किंवा धुतलेला पंचा गुंडाळा, उभं ठेवा, आणि माळ्यावर टाकू नका, तिथली उष्णता लाकूड वाकवते. कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी जागा करा. बाहेर काढाल तेव्हा एखादा पोपडा आणखी निघालेला असेल तर त्याला हात लावू नका, फक्त वर वॉर्निशचा एक थेंब बोटाने दाबा.